तेल उतरले, माणसे परतली

पेट्रोल दोन रुपयांनी उतरले की पंपावर उभ्या असलेल्या माणसाला बरे वाटते. त्यात चूक काही नाही. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. भाव उतरला तर देशाचा खर्च वाचतो. पण आपल्या गोव्यात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे हीच बातमी ऐकून कोणीतरी मनातल्या मनात काळजी करू लागते. घरचा मिळवता माणूस कुवेतला, बहारीनला किंवा दुबईला असतो. तेलाच्या भावाचा आणि या घरांच्या चुलीचा संबंध समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल.

गोवेकर आखातात गेले ते १९७३ नंतर, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. बहारीनमध्ये १९३२ साली आणि कुवेतमध्ये १९३८ साली तेल लागले. कुवेतचे तेल १९४६ साली पहिल्यांदा बाहेर गेले. तेल कंपन्या इंग्रज-अमेरिकनांच्या होत्या. त्यांना कारकून, आचारी, फिटर हवे होते, आणि थोडेफार इंग्रजी जाणणारे गोवेकर मुंबईत तयारच होते. गंमत अशी, की तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे चलन होते आणि कुवेतच्या बाजारात भारतीय रुपया चालत होता! १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार काढला तेव्हा तो थांबला.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर चित्र पालटले. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ च्या घरात गेला. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तो ३० च्याही वर चढला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेलाच्या विहिरीला माणसे फार लागत नाहीत. माणसे लागतात ती तेलाच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या रस्त्यांना, विमानतळांना, इस्पितळांना, घरांना. आपली बहुतेक माणसे तेल काढायला गेलीच नव्हती. ती तेलाचा पैसा जिथे खर्च होत होता तिथे कामाला होती. म्हणून भाव पडला की विहीर चालूच राहते, बंद पडते ते बांधकाम.

१९८६ साली नेमके हेच झाले. महागड्या तेलामुळे जगाने तेल जपून वापरायला सुरुवात केली होती. उत्तर समुद्र, अलास्का, मेक्सिको इथले नवे तेलही बाजारात आले होते. भाव सावरून धरण्यासाठी सौदी अरेबियाने आपले उत्पादन इतके घटवले, की १९८० साली दिवसाला १ कोटी पिंपांच्या आसपास असलेले उत्पादन १९८५ च्या उन्हाळ्यात पाव हिश्शावर आले. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि नळ उघडला. ३० डॉलरच्या आसपासचा भाव काही महिन्यांत १० च्या जवळ येऊन ठेपला. उत्पन्नाचा अंदाजच येईना म्हणून सौदी सरकारने त्या वर्षीचे अंदाजपत्रक पाच महिने पुढे ढकलले. सरकारच हात आखडते घेते म्हटल्यावर कंत्राटदार काय करणार?

सरकारी परवाना घेऊन परदेशी कामाला गेलेले भारतीय कामगार १९८२ साली सुमारे २ लाख ३९ हजार होते. १९८६ साली तो आकडा १ लाख १४ हजारांवर आला.

आमच्या वाड्यावरचे एक काका त्याच सुमारास परतले. एका बांधकाम कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. इथे त्यांच्या नव्या घराच्या चिऱ्याच्या भिंती लिंटेलपर्यंत येऊन थांबल्या. त्यांवर तीन पावसाळे शेवाळ चढले. विचारले तर "कंत्राट संपले" एवढेच ते म्हणत. दोष कंपनीचा की आपला, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. मला वाटते, त्यांनी तो स्वतःकडेच घेतला.

कुठल्याही देशात मंदी आली की बेकारी दिसते. बेकारांच्या रांगा लागतात, वर्तमानपत्रांत आकडे छापून येतात. आखातात मात्र कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला. नोकरी गेली की बहुधा देश सोडावा लागतो. त्यामुळे तिथली बेकारी तिथे साठून राहत नाही, ती विमानात बसून सासष्टीत, बारदेशात, केरळात उतरते. इथे तिची मोजणी कोण करणार? परतलेला माणूस फक्त "घरी आलेला" असतो.

पुढे २०१४ च्या मध्यापासून हेच पुन्हा घडले. ११० डॉलरच्या वर गेलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली घसरला. त्या वर्षी जेद्दाहमध्ये हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले. त्यांच्या जेवणाची सोय भारतीय वकिलातीला करावी लागली. जुलै २०१७ पासून सौदी अरेबियाने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियाल कर लावला, तो २०२० पर्यंत ४०० वर नेला. नोकरी टिकली तरी बायकामुलांना गावी पाठवण्याची वेळ अनेकांवर आली. आपल्याकडे तर २०१२ साली खाणी बंद झालेल्या, नंतर थोड्या सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबलेल्या. एक दार बंद असताना दुसरेही लोटले जात होते.

आणि स्वस्त तेलाचा फायदा? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्र सरकारने पेट्रोल-डिझेलवरचे अबकारी शुल्क नऊ वेळा वाढवले. उतरलेल्या भावाचा मोठा वाटा तिजोरीत गेला. त्यातला थोडा भाग या परतलेल्या माणसांसाठी बाजूला काढावा, त्यांची निदान नोंद तरी ठेवावी, असे कोणाला सुचले नाही. आखातातून आलेल्या पैशाचा हिशेब रिझर्व्ह बँक डॉलरमध्ये ठेवते. तो पैसा पाठवणारा रिकाम्या हाताने परततो, तेव्हा त्याच्या नावाचीही एक वही असायला हवी.

काकांचे घर पुढे त्यांच्या मुलाने पुरे केले. तोही आज कुवेतलाच आहे.