तळटीप : बेदाण्याचे शेड
१. लेखकाने ‘उन्हात वाळवलेली द्राक्षे’ म्हटले आहे. पण तासगाव, कवठे महांकाळ, जतकडे हिरव्या बेदाण्यासाठी ऊन थेट मण्यांवर पडू देत नाहीत. पडले तर बेदाणा तांबूस होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवल्यावर सालीवरचा मेणचट थर सैल होतो. मग शेडमधल्या एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर माल पसरतात आणि उन्हाने तापलेली कोरडी हवा साधारण पंधरवड्यात पाणी ओढून घेते. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. सौर वाळवणी यंत्रात हवा काचेखालच्या काळ्या पत्र्यावरून नेऊन आणखी तापवतात. सातारा-सांगलीच्या गच्च्यांवरच्या सपाट सोलर हीटरमध्ये तशाच पत्र्यावर पाणी तापते. शेडवाल्याला खरी धास्ती अवकाळी पावसाची. हवा दमट झाली की माल काळा पडतो आणि भाव कोसळतो.