लग्नाचा चौक आणि प्रदर्शनाची भिंत

साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर, शाळेच्या कंपाउंडवर, कॅलेंडरवर, जिथे पाहावं तिथे हल्ली वारली चित्रं दिसतात. त्रिकोणाला त्रिकोण जोडलेली माणसं, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. आपल्या महिला मंडळाच्या प्रदर्शनातही वारलीचा एक स्टॉल हमखास असतोच. पण मैत्रिणींनो, ही चित्रं घराच्या भिंतीवरून प्रदर्शनात कशी आली आणि येताना वाटेत कोण मागे राहिलं, ते फारसं कुणी सांगत नाही. ही बायकांची हकीकत आहे, म्हणून आज तिच्यावर लिहिते.

गिरनार-पालीताण्याच्या यात्रेला मुंबईहून रेल्वेने जाताना डहाणू रोड स्टेशन लागतं. आपण तिथे फार तर चिकू विकत घेतो. त्या स्टेशनापासून आत, डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे आहेत. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणाचा आणि गेरूचा हात, आणि त्या तांबूस भिंतीवर तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या पाण्याने काढलेलं चित्र. कुंचला म्हणजे टोक चेचलेली बांबूची काडी. रंग एकच, पांढरा.

हे चित्र हौसेचं नव्हतं. घरात लग्न असलं की भिंतीवर चौक काढायचा आणि तो सवाशिणींनीच काढायचा. चौकाच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे, आत पालघट देवी, भोवती झाडं, चंद्र-सूर्य, शिडी, फणी. शेजारी एका लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते तीसुद्धा बाईच. तिला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणत सगळे विधी करते. आपल्याकडे पंडितांच्या शेजारी बसून सामान पुढे सरकवणाऱ्या आपण! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा हेवाच वाटला होता.

लग्न झालं की त्या चौकाची निगा कुणी राखत नाही. धुराने काळवंडतो, पावसाळ्यात पोपडे पडतात, पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते. आपल्याला हे समजणं कठीण नाही. आपण देवापुढे अक्षतांचा स्वस्तिक काढतो, वर रत्नत्रयाचे तीन पुंज आणि त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. किती मन लावून काढतो, आणि थोड्या वेळाने ते तांदूळ गोळा होतात. त्याचा फोटो ठेवावा असं आपल्या आज्यांच्या मनातही आलं नसेल.

आता या गोष्टीत कागद येतो. भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार होते. १९६६ च्या सुमारास बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठवलं. मिथिलेतही लग्नाच्या वेळी बायका भिंती रंगवत. वधूवरांच्या खोलीतल्या त्या चित्राला तिकडे कोहबर म्हणतात. कुलकर्ण्यांनी तिथल्या बायकांना हातकागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा, पैसे मिळतील. शेतात काही पिकत नव्हतं, त्यामुळे त्या कागदाने काही घरांच्या चुली पेटल्या.

पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूकडे आले आणि इथेही त्यांनी कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो घेतला. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि मातीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. चित्रकलेची मोठी देणगी होती त्यांना. कोळ्याचं जाळं, भाताची लावणी, मुंग्यांची रांग, तारप्याचा नाच, सारं गाव त्यांच्या कागदावर हलू लागलं. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांची चित्रं पॅरिस आणि जर्मनीपर्यंत गेली. २०१८ मध्ये ते वारले.

इथे मी थबकते. कागद देणारा माणूस एकच आणि दोन्हीकडे लग्नाची भिंत बायकांचीच. मग मधुबनीतून जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी, महासुंदरी देवी अशी बायकांची नावं एकामागून एक पुढे आली. जगदंबा देवींना १९७५ मध्येच पद्मश्री मिळाली. डहाणूतून मात्र जी नावं प्रदर्शनांच्या पत्रिकांवर छापली गेली ती बहुतेक पुरुषांची. असं का व्हावं?

मला वाटतं, भिंतीवरच्या चौकाला सवाशीण लागते आणि कागदाला कुणीही चालतो. चौक लग्नाच्या घरातच काढला जातो. कागद बाजारात न्यायचा, तर एसटी पकडायला हवी, मुंबईत राहायला हवं, अनोळखी माणसांशी किंमत ठरवायला हवी. मिथिलेतही बाहेरची कामं बहुधा पुरुषच करत. पण तिथे मुळात कागद बायकांच्या हातात दिला गेला होता आणि विकत घेणाऱ्यांना बायकांचीच चित्रं हवी होती, त्यामुळे नाव त्यांचं राहिलं. म्हशांना कुणी दोष द्यावा असं यात काही नाही. त्यांनी कुणाचं हिसकावून घेतलं नाही, उलट चौकाबाहेरची कितीतरी नवी चित्रं काढली. आज कपावर आणि पदरावर आपण पाहतो तो तारप्याचा फेर या कागदांमुळेच घरोघरी पोचला. पालघट देवी मात्र कपावर सहसा दिसत नाही. बरंच आहे ते, एका अर्थी.

मधुबनीच्या बायकांचंही सगळं गोड झालं असं समजू नका. गंगा देवींना नवऱ्याने टाकलं होतं, त्याने दुसरं लग्न केलं होतं. चित्रांवर त्या उभ्या राहिल्या. अमेरिकेला जाऊन आल्यावर तिथल्या जत्रेतल्या उंच पाळणागाडीचं चित्रही त्यांनी आपल्या मैथिली पद्धतीने काढलं. पुढे कर्करोग झाला, तर दवाखाना, डॉक्टर, खाट हेही चितारलं. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खी कोहबरची खोली रंगवली होती. १९९१ मध्ये त्या गेल्या आणि २०१५ च्या सुमारास डागडुजी चालू असताना ती खोली पाडली गेली. लग्नाच्या भिंती पुसल्या जातातच, पण ही जपण्यासाठी म्हणून काढून घेतली होती.

२०११ च्या पद्म पुरस्कारांत जिव्या म्हसे आणि महासुंदरी देवी दोघांनाही एकाच वर्षी पद्मश्री मिळाली. महासुंदरी देवींच्या घरी कामाला असलेली दुलारी नावाची मुलगी तिथेच चित्रं शिकली. मल्लाह समाजातली, शिक्षण नाही. २०२१ मध्ये त्या दुलारी देवींनाही पद्मश्री मिळाली.

वारली बायकाही आता कागदावर, कापडावर चित्रं काढून विकतात. लग्नातला चौक अजूनही सवाशिणी काढतात, काही घरांत तो सिमेंटच्या भिंतीवर असतो एवढंच.

आपल्या मंडळाच्या रांगोळी प्रदर्शनात यंदा प्रत्येक रांगोळीपुढे काढणारीच्या नावाची पाटी लावायचं ठरलं आहे. ‘अमक्यांच्या सूनबाई’ असं नाही, पूर्ण नाव. पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा नावं आठवडाभर आधी कळवा.