मेघमार्ग, जुने नकाशे आणि वायुवीरांचे संग्रहालय

रामटेकच्या टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे. ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. तो वाद येथे बाजूला ठेवू. या टेकडीपासून सुमारे ५० किलोमीटरवर नागपुरात भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि त्या वसाहतीला वायुसेनानगर म्हणतात. आकाशमार्गाचे सर्वांत प्रसिद्ध काव्य आणि युद्धात आकाशमार्गाने जाणाऱ्यांची वसाहत, असा हा शेजार आहे. युद्धातील वैमानिकांचे स्मरण संग्रहालयाने कसे करावे, या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी या शेजारातून मिळते.

आपल्याकडे अशी संग्रहालये आहेत. दिल्लीत पालम येथे वायुसेनेचे संग्रहालय १९६७ पासून आहे. १९३३ मध्ये वायुसेनेची पहिली तुकडी ज्या चार वापिती विमानांनिशी उभी राहिली, त्या जातीचे विमान तेथे पाहायला मिळते. पुण्यात घोरपडी भागातील युद्धस्मारक १९९८ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. त्याच्या आवारात मिग-२३ विमान आहे. सरकारची वाट न पाहता सामान्य माणसांनी पदरचे पैसे घालावेत, ही घटना मराठी समाजाला भूषणावह आहे. परंतु अशा ठिकाणी प्रेक्षकाचे लक्ष प्रथम विमानाकडे जाते. धातू टिकतो, भव्य दिसतो. विमानात बसलेल्या माणसाने काय पाहिले आणि त्याच्यामागे घरी काय घडले, हे मात्र धातू सांगत नाही.

‘मेघदूता’ची रचना या संदर्भात आठवावी. पूर्वमेघ हा मार्गाचा भाग आहे. आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी अशी स्थळनामे यक्ष मेघाला क्रमाने सांगतो, कारण नावे चुकली तर निरोप पोहोचणार नाही. स्थळनामाचे हे मोल फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांच्या कहाणीत विलक्षण रीतीने प्रत्ययाला येते. १९७१ च्या युद्धात १० डिसेंबरला त्यांचे विमान पाडले गेले व ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह भिंतीला भोक पाडून ते रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली असताना लंडी कोतल येथे ते पकडले गेले. त्यांनी लंडी खाना या स्थानकाची चौकशी केली होती. नकाशावर ते नाव होते. रेल्वे मात्र तेथे १९३२ पासूनच जात नव्हती. नाव मागे उरले होते आणि त्या नावानेच घात केला. डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. संग्रहालयात विमानाशेजारी असा नकाशा हवा; धैर्य आणि दैव या दोहोंची कथा तो एका नावात सांगेल.

उत्तरमेघ हा वाट पाहणाऱ्या स्त्रीचा भाग आहे. यक्षाच्या शापाला एक वर्षाची मुदत होती, म्हणून त्याच्या पत्नीला दिवस मोजता येत होते. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानवरील उड्डाणातून परतले नाहीत. त्या युद्धातील ज्या ५४ बेपत्ता सैनिकांचा उल्लेख आपण ऐकतो, त्यांत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पुढील अनेक दशके पतीचा शोध चालू ठेवला. २००७ मध्ये नातेवाइकांचे एक पथक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. तरीही माग लागला नाही. पाकिस्तानने असे कैदी आपल्याकडे असल्याचे नाकारले आहे. ज्या प्रतीक्षेला मुदतच नाही, तिचे दालन कोणते? हुतात्म्यांच्या भिंतीवर नाव कोरल्याने सन्मान होतो, परंतु घरच्यांच्या लेखी प्रश्न मिटत नाही. संग्रहालयाने तो प्रश्न प्रश्न म्हणूनच जपला पाहिजे.

येथे साहित्याच्या अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. तिकीट काढणे, वर्गणी देणे हा साहाय्याचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार आपल्या विद्येचा आहे. वैमानिकांची घरी आलेली पत्रे, उड्डाणनोंदींच्या वह्या, रोजनिश्या अनेक कुटुंबांच्या कपाटांत असतात. त्यांतील अक्षर लावणे, टोपणनावे व संक्षेप उलगडणे, तारखा ताडून पाहणे, संमती घेऊन वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, हे सर्व हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेइतकेच शिस्तीचे काम आहे. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पासाठी याहून योग्य विषय क्वचितच सापडेल.

मात्र वेळ थोडा आहे. परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये निवर्तले. १९७१ मध्ये पंचविशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. विमान आणखी पन्नास वर्षे उभे राहील. त्याच्याविषयी सांगू शकणारा माणूस तितका काळ थांबणार नाही. मेघाला निरोप तोंडपाठ करून पाठवणे यक्षाला शक्य झाले. आपल्याला तो वेळीच लिहून घ्यावा लागेल.