पेटंट, लोणी आणि लोकहित

गावच्या डेअरीत सकाळी दूध घालायला गेलेला शेतकरी हमखास एक प्रश्न विचारतो : ‘फॅट किती लागली?’ दुधाचा भाव त्यातल्या स्निग्धांशावर ठरावा, हे आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, त्यालाही एक इतिहास आहे हे ध्यानात येत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूध वजनावर घेतले जाई. साहजिकच पाणी घालणाऱ्याचे आणि साय काढून घेणाऱ्याचे फावे, तर चांगली गाय पाळणारा तोट्यात राही. १८९० साली तेथील विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी यावर एक साधी चाचणी शोधून काढली. मोजक्या दुधात गंधकाम्ल घालायचे, बाटली यंत्रात गरगर फिरवायची आणि तिच्या निमुळत्या मानेत वर आलेला स्निग्धांशाचा थर मोजायचा. शेतकऱ्यासमोर, काही मिनिटांत होणारी ही चाचणी होती. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने ती वापरावी, एवढीच त्यांची भूमिका होती.

विद्यापीठातील ज्ञान लोकांच्या उपयोगी कसे पडावे, या प्रश्नाला दिलेले हे पहिले उत्तर : ज्ञान मुक्त सोडावे, ते आपोआप पोचते. उत्तर उदात्त आहे. प्रश्न इतकाच की, ते सदैव पुरते का?

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पाठीशी १८६२ चा मॉरिल कायदा होता. शेती व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी राज्यांना जमिनी देणारा हा कायदा. १९०३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या चार्ल्स व्हॅन हाइस यांनी त्या तरतुदीला ध्येयाचे रूप दिले. विद्यापीठाचा लाभ राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ‘विस्कॉन्सिन विचार’ म्हणून पुढे प्रसिद्ध पावलेली कल्पना ती हीच. परंतु ध्येय उच्चारणे वेगळे आणि ते पेलणारी यंत्रणा उभारणे वेगळे. ती यंत्रणा उभी राहिली ती हॅरी स्टीनबॉक यांच्या निमित्ताने.

शेतकरी कुटुंबात जन्मलेले स्टीनबॉक याच विद्यापीठात जीवनसत्त्वांवर संशोधन करीत होते. अन्नावर अतिनील किरण सोडले की त्यात मुडदूस बरा करण्याचे सामर्थ्य येते, हे त्यांनी १९२४ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. ज्याला आपण ‘ड’ जीवनसत्त्व म्हणतो ते अन्नातच निर्माण करण्याचा हा मार्ग होता. पाय वाकलेली, छाती खोलगट झालेली मुले त्या काळी अमेरिकेच्या शहरांत सर्रास दिसत. एवढ्या मोठ्या शोधाचे काय करावे? बॅबकॉक यांच्याप्रमाणे मुक्त सोडावा, तर कोणीही भोंदू उत्पादक ‘किरणांनी भारित’ म्हणून वाटेल तो माल खपवील, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून पदरचे तीनशे डॉलर खर्चून त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. मात्र त्याचे उत्पन्न स्वतःकडे न ठेवता ते विद्यापीठातील संशोधनाला मिळावे, अशी त्यांची इच्छा होती.

विद्यापीठाने स्वतः व्यापारात उतरणे प्रशस्त नव्हते. तेव्हा नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी शंभर डॉलर घातले आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये ‘विस्कॉन्सिन माजी विद्यार्थी संशोधन प्रतिष्ठान’ ही स्वतंत्र संस्था जन्माला आली. पेटंट सांभाळणे, परवाने देणे, मालाची पारख करणे ही कामे तिची. उत्पन्न विद्यापीठाच्या संशोधनाला. १९२७ मध्ये क्वेकर ओट्स कंपनीला परवाना मिळाला आणि पुढे दूध, न्याहारीचे पदार्थ, औषधे यांतून ‘ड’ जीवनसत्त्व घरोघरी गेले. मुडदुसाची साथ ओसरण्यात या अन्नाचा वाटा मोठा आहे. हे दुसरे उत्तर : ज्ञान पोचविण्यासाठी त्याला राखणदार लागतो.

इथेच कथा संपली असती तर ती आदर्श म्हणून सांगता आली असती. पण स्टीनबॉक यांच्या पेटंटामागे आणखी एक हेतू होता. विस्कॉन्सिन हे दुधालोण्याचे राज्य. लोण्याला स्वस्त पर्याय असलेल्या मार्गारीनचा तेथे इतका धसका होता की, पिवळ्या रंगाच्या मार्गारीनवर १८९५ पासून १९६७ पर्यंत कायद्याने बंदी होती. मार्गारीनला ‘ड’ जीवनसत्त्वाची जोड मिळाली तर लोण्याचे एक श्रेष्ठत्व जाईल. म्हणून मार्गारीनच्या उत्पादकांना परवाना मिळू नये, असे धोरण प्रतिष्ठानाने ठेवले. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने राज्याच्या शेतकऱ्याचे हित पाहावे, यात वावगे काय, असा त्यामागचा युक्तिवाद.

याचा निवाडा झाला तो दूरच्या कॅलिफोर्नियात. पेटंटाच्या उल्लंघनावरून चाललेल्या खटल्यात तेथील संघीय अपील न्यायालयाने चाळीसच्या दशकात स्टीनबॉक यांची पेटंटे अवैध ठरविली. किरणांची ही क्रिया सूर्यप्रकाशात निसर्गतः घडतेच, तेव्हा तो नवा शोध म्हणता येत नाही, हे कारण कायद्याचे होते. परंतु न्यायालयाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले : मार्गारीन हे गरिबांचे लोणी आहे, आणि मुडदुसाचा घाला अधिक पडतो तोही गरिबांच्याच मुलांवर. ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच ताटातल्या पदार्थापासून ते दूर ठेवले गेले होते. कोणी खिसा भरला नव्हता, कोणी लबाडी केली नव्हती. तरीही लोकहिताच्या नावाने लोकांतल्या एका वर्गाला वगळले गेले. ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न संस्थेने स्वतःला पुरेसा विचारलाच नव्हता.

याच विद्यापीठातील आणखी एक हकीकत या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, एक शेतकरी दूरवरून आला. त्याच्या गाई रक्तस्राव होऊन मरत होत्या. सोबत मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि सडलेल्या स्वीट क्लोव्हरचा चारा. योगायोगाने तो कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला. खराब चारा देऊ नका, याहून अधिक त्या दिवशी लिंक त्याला काही सांगू शकले नाहीत. पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, रक्त पातळ करणारे द्रव्य त्या चाऱ्यातून शुद्ध स्वरूपात हाती आले. त्याच कुळातले एक संयुग १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरले जाऊ लागले. हृदयाची झडप बदललेले आपल्याकडचेही कितीतरी रुग्ण आज ते घेतात : वॉरफरिन. त्यातले ‘वॉरफ’ हे त्याच प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे नाव. एखाद्या संस्थेचे नाव औषधाच्या गोळीत असे विरघळून राहिल्याची उदाहरणे विरळाच.

अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली आणि विस्कॉन्सिनचा मार्ग राजमार्ग झाला. आपल्याकडेही त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. पण विद्यापीठांनी किती पेटंटे घेतली, हे त्यांच्या कर्तबगारीचे एक माप म्हणून आपण आता स्वीकारले आहे. राहुरीपासून दापोलीपर्यंतची आपली कृषी विद्यापीठे ज्या अमेरिकी नमुन्यावरून घडली, त्याच नमुन्यातली ही कथा असल्याने ती परकी मानण्याचे कारण नाही.

पेटंट मोजता येते. परवान्याचे उत्पन्नही मोजता येते. हिमवादळात आलेल्या माणसाला दार उघडे मिळाले की नाही, आणि ज्याच्या ताटात लोणी नाही त्याच्यापर्यंत जीवनसत्त्व पोचले की नाही, हे मात्र कुठल्याच अहवालाच्या रकान्यात मावत नाही. विद्यापीठाची खरी क्षमता मोजायची, तर आरंभ तिथून करायला हवा.