यंत्रात शिरलेला उस्तादाचा हात

घरी पाव तयार करणारे यंत्र घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणते, असे आता आपल्या शहरांतही विचारले जाते. दुकानदार बटणे मोजून दाखवतो, गिऱ्हाईक किंमत विचारते. पण मंडळी, या यंत्राचा इतिहास ठाऊक असेल, तर पारख सोपी होते.

हा इतिहास जपानमधला. ओसाकाच्या मात्सुशिता (आजच्या पॅनासोनिक) कंपनीत १९८०च्या दशकात भाताचे कुकर, टोस्टर आणि मिक्सर बनवणारे विभाग एकत्र आणले गेले. एकाला वेळ-तापमानाचे गणित येत होते, दुसऱ्याला भाजणे, तिसऱ्याला मोटार. तिन्ही विद्या मिळून पाव होईल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात वरचे कवच करपले आणि आत पीठ कच्चे राहिले. यंत्राने मळलेल्या आणि कारागिराने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटो ताडून पाहिले, तरी उलगडा झाला नाही.

तेव्हा संगणकाचे काम करणाऱ्या इकुको तनाका या तंत्रज्ञ बाईंनी वेगळी वाट धरली. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात नावाजलेला होता. तिथल्या मुख्य कारागिराची त्यांनी शागिर्दी पत्करली. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले, की उस्ताद पीठ नुसते ताणत नाही, ताणताना पीळही देतो. अशा गोष्टी हाताला येतात, जिभेला सांगता येत नाहीत. मग भांड्याच्या आतल्या बाजूस उंचवटे बसवले. पाते फिरताना पीठ तिथे अडते आणि त्याला पीळ पडतो. १९८७ साली यंत्र बाजारात आले आणि पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक खपले.

दुसरी अडचण उष्म्याची होती. पीठ वेळेआधी फुगू नये म्हणून यीस्ट मागाहून घालण्याची जुनी रीत कामी आली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विसरू नये. म्हणून यंत्र घेताना पाते आणि भांडे आतून पाहा. यीस्टचा कप्पा वेगळा आहे का, मध्येच वीज गेली तर यंत्र काम पुढे चालू करते का, हेही विचारा. एका पावाला तीन-चार तास लागतात. घरचा पाव लवकर शिळा होतो, तेव्हा घरातली माणसे मोजूनच आकार ठरवा.

त्या उस्तादाचे नाव मात्र यंत्रावर कुठे नाही. पोर्तुगीजांकडून आलेला 'पाव' हा शब्द आपण घरचा केला. गोव्यातल्या पोदेराकडे, आपल्या गल्लीतल्या बेकरीत ती विद्या अजून माणसाच्या हातात आहे. ती हातातून गेली, तर पुढचे यंत्र शिकणार कोणाकडून? यंत्र अवश्य घ्या, पण गल्लीतला पाव घेणे सोडू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)