शब्द: 1

गेल्या वर्षी आमच्या अ‍ॅपमध्ये नोट लिहायची सोय केली. मर्यादा 500 शब्दांची. मोजण्याचा कोड मी लिहिला: मजकूर स्पेसवर तोडायचा, तुकडे मोजायचे. एका ओळीचं काम. महिन्याभराने तैवानमधून तक्रार आली. कुणीतरी चांगला लांबलचक परिच्छेद लिहिला होता आणि खाली आमचा काउंटर सांगत होता, 'शब्द: 1'.

चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हे मला ऐकून माहीत होतं. म्हटलं, शब्द तोडणारी एखादी लायब्ररी लावू, विषय संपला. दोन लावून पाहिल्या. त्याच परिच्छेदाचे दोघींनी दोन वेगळे आकडे दिले. कुठला बरोबर, हे शोधायला म्हणून वाचायला बसलो आणि अडकलोच.

चिनीत मोजायची गोष्ट म्हणजे 'त्झ'. एक चिन्ह, एक उच्चार, बहुतेक वेळा एक अर्थ. त्झ लिहिण्याच्या चिन्हातच छपराखाली एक मूल बसलेलं असतं. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन या पंडिताने 'श्वोवेन च्येत्झ' हा कोश रचला. त्यात 9353 चिन्हं, 540 गटांत लावलेली. (या लिपीला आपण सरसकट चित्रलिपी म्हणतो, ते फारसं खरं नाही. 'मा' म्हणजे आई, हे चिन्ह बाई आणि घोडा जोडून होतं. घोड्याचा उच्चारही 'मा', म्हणून तो तिथे; आईशी त्याचा काही संबंध नाही.) पुढे कोशांची केवढी मोठी परंपरा झाली, पण मुख्यतः त्झची. आज 'शब्द' या अर्थाने वापरतात तो 'त्स' तेव्हाही भाषेत होता, पण त्याचा अर्थ बोल, उक्ती, किंवा गाण्याच्या चालीवर रचलेली एक प्रकारची कविता.

मग 1898 मध्ये मा ज्येनचोंग यांचं व्याकरण आलं. हे फ्रान्समध्ये शिकलेले, लॅटिन जाणणारे. युरोपी पद्धतीने त्यांनी नाम, क्रियापद वगैरे जाती पाडल्या, पण जाती कशाच्या? त्झच्याच. जुन्या ग्रंथांच्या भाषेत ते बरंचसं खपून जायचं, कारण तिथे बहुतेक शब्द एका चिन्हाचेच. बोलीत खपत नाही. द्राक्षाला 'पुताओ' म्हणतात, दोन चिन्हं. ती सुटी केली तर द्राक्षाचा अर्थ ना यात उरतो, ना त्यात. 1907 मध्ये चांग शिचाओ यांनी आपल्या व्याकरणात दोन्ही वेगळे केले: त्झ म्हणजे एक चिन्ह, त्स म्हणजे शब्द, मग तो एका चिन्हाचा असो की चारांचा. एवढ्या जुन्या भाषेत 'शब्द' हा आजच्या अर्थाचा शब्द जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे!

वेगळे केले खरे, पण शब्द संपतो कुठे? 'हुओ' म्हणजे आग, 'छ' म्हणजे गाडी, 'हुओछ' म्हणजे ट्रेन. आपली आगगाडीच की! हा एक शब्द, यावर कुणाचं दुमत नाही. पण 'छिफान', खाणं अधिक भात, म्हणजे जेवणं? याच्या मधोमध 'तीन वाट्या' घुसवता येतात. मग शब्द एक की दोन? 'यान-च्यू-शंग-मिंग' अशी चार चिन्हं ओळीने आली, तर पहिल्या दोघांचं 'संशोधन' होतं आणि पुढच्या दोघांचं 'जीवन'. पण पहिल्या तिघांचा 'पदव्युत्तर विद्यार्थी'सुद्धा होतो. वाचणारा संदर्भाने सावरतो. मशीन आपटतं.

1958 मध्ये रोमन लिपीतली पिनयिन अधिकृत झाली आणि प्रश्न टाळता येईना, कारण रोमनमध्ये जागा कुठेतरी सोडावीच लागते. तिचे नियम यायला 1988 उजाडलं. 1992 मध्ये संगणकासाठी शब्द तोडायचं राष्ट्रीय मानक निघालं. त्यात मोजमापाला 'तोडणीचं एकक' असं नाव आहे. शब्दाच्या व्याख्येच्या वादात न पडता काम सुरू. इंजिनिअर कुठलाही असो, शेवटी आपल्याच जातीचा. आणि 1996 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात तर शंभर वाक्यं सहा मातृभाषकांना तोडायला दिली होती. त्यांचं आपसात सरासरी 76 टक्के जमलं. माझ्या दोन लायब्ररींचा राग तिथेच गेला.

आपण हसायचं कारण नाही. मोडीत आधी आडव्या रेघा ओढत आणि त्यांना लटकवत सलग लिहीत जात; शब्द तोडायचे वाचणाऱ्याने. आजही 'घराच्या समोर' हे मराठीत दोन शब्द आणि हिंदीत 'घर के सामने' तीन. घर तेच. माझा काउंटर मात्र बिनदिक्कत एकदा दोन म्हणतो, एकदा तीन.

चीनमध्ये लेखकाचं मानधन हजार त्झमागे ठरतं. तारेच्या काळात प्रत्येक त्झला चार आकडी क्रमांक होता. भाषाशास्त्रज्ञ युअन रेन चाओ यांनी म्हणूनच त्झला 'समाजाचा शब्द' म्हटलं: सामान्य माणूस ज्याच्याबद्दल बोलतो, जो मोजतो, तो.

शेवटी लायब्ररी काढून टाकली आणि चिनीसाठी चिन्हं मोजली. लेबल बदलायला भाषांतराची फाइल उघडली, तर ज्याने कुणी आमच्या स्क्रीनचं चिनी केलं होतं, त्याने पहिल्या दिवसापासून तिथे '500 त्झ' असंच लिहून ठेवलं होतं.