तव्यावरची मशेरी

तव्यावर तंबाखू भाजायला घातली की शेजारच्या घरातही ठसका लागतो. पानं काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात बायकांनी मशेरी अशीच घरी केली. चिमूटभर तळहातावर घेऊन बोटाने हिरड्यांवर चोळायची. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, निजताना. दात घासणं हे निमित्त. मशेरी लावल्याशिवाय पुढच्या कामाला हातच लागत नसे.

तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी, आणि दख्खनेत ती लवकर रुजली. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४-०५च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा बादशहासाठी तिथली तंबाखू घेऊन गेला होता. दातांना मात्र राखुंडी, मीठ, बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चाले. त्या नित्याच्या दंतमंजनात तंबाखू शिरली, म्हणून तिला कुणी व्यसन म्हटलं नाही. चारचौघांत बिडी ओढणाऱ्या बाईला गावाने नावं ठेवली असती. मशेरी लावणाऱ्या सासूला कुणी हटकलं नाही, आणि तिचं पाहून सूनही लावू लागली.

कितीजणींची सुरुवात दाढदुखीने झाली. ‘जरा मशेरी लाव, बरं वाटेल,’ हा सल्ला घरातच मिळे, आणि बरं वाटायचंही. घात झाला तो इथेच. हिरड्यांचा आजार पहिली वर्दी देतो ती रक्ताने. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दबू शकतं, आणि आतलं हाड झिजत असताना वरून सगळं ठीक दिसत राहतं. मग हिरडी दात सोडू लागते, मुळं उघडी पडतात, गार पाण्याने कळ जाते. दात हलायला लागले की शेंगदाणे कुटून खायचे, भाकरी कालवणात कुस्करायची, ऊस आणि भाजलेलं कणीस नातवंडांना देऊन टाकायचं. हसू आलं की पदर तोंडाशी.

तोंडाच्या आजारांनी जगण्यावर काय परिणाम होतो, हे मोजण्यासाठी स्लेड आणि स्पेन्सर या संशोधकांनी १९९४मध्ये ४९ प्रश्न मांडले. चव, उच्चार, जेवताना होणारा त्रास, लोकांत वाटणारा संकोच. भाकरी कुस्करणाऱ्या बाईचं दुखणं त्यात जवळपास सगळं सापडतं.

आपल्याकडच्या संशोधकांचं लक्ष आधी कर्करोगाकडे गेलं, आणि ते साहजिकच होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. मरणाच्या भीतीपुढे हलणारा दात मागे पडला.

१९९२मध्ये केंद्र सरकारने तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी आणली. ती कारखानदारांना लागू झाली. चुलीवर मशेरी भाजणाऱ्या बाईला कुठला परवाना लागत नव्हता, आणि पानतंबाखू वाण्याकडे मिळतच होती.